स्टेरॉइडच्या कोर्समध्ये कान शांत झाले, मग ती गोळी रोज का घेऊ नये?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. वय ४७, घर कोलशेतला, नोकरी महापे एमआयडीसीत, प्रेस शॉपमध्ये. चार वर्षांपासून दोन्ही कानांत रातकिडे किरकिरल्यासारखा आवाज, उजवीकडे जरा जास्त. जानेवारीत सर्दी छातीत उतरली, घरघर लागली, फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलात तर आवाज जवळजवळ नव्हताच. कोर्स संपला आणि आठवड्याभरात तो पहिल्यासारखा चालू झाला. आता तुम्ही विचारताय की यावरून कानात सूज आहे हे सिद्ध झालं ना, आणि तसं असेल तर ५ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली तर काय बिघडलं? साखर बॉर्डरवर आहे आणि वडिलांना डायबेटिस होता, हे तुम्ही अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय. माझ्या दृष्टीने ती ओळ सगळ्यात वर यायला हवी होती.

मी ठाण्यात बरीच वर्षं कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतोय. दम्यासाठी, गुडघ्यासाठी, अंगावर उठलेल्या पित्तासाठी स्टेरॉइड मिळालं आणि कानातला आवाज कमी झाला, असं सांगणारे पेशंट अधूनमधून येतात. त्यांना भास झाला असेल म्हणून मी ते कधी सोडून देत नाही. चार वर्षं न थांबलेली गोष्ट तीन दिवसांत थांबली, तर काहीतरी बदललं हे नक्की. काय बदललं, ते मात्र त्या आठवड्यात आणखी काय काय चालू होतं हे बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. मी तुम्हाला तपासलेलं नाही, तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणतपासणीचा आलेख, पाहिलेला नाही. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं ‘असं असेल तर’ याच धर्तीवर घ्या.

तुमच्याच मजकुरात तीन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एक, त्या आठवड्यात तुम्ही रजा टाकून घरी होतात. दोन, चिठ्ठीवर स्टेरॉइडबरोबर ॲलर्जीची गोळी, माँटेलुकास्ट आणि नाकात घालायचे थेंबही होते. तीन, सकाळी कानाला दडे बसतात आणि नाक दाबून जोर केला की फट् करून उघडतात, असं तुम्ही सहज लिहून गेला आहात.

रजेचं आधी बघू. प्रेस शॉपमधल्या आवाजाची तुम्हाला सवय झाली असेल, कानाला ती होत नसते. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल धरली जाते आणि ठोकाठोकीच्या कामात क्षणाक्षणाला होणारे आघात त्याच्या बरेच वर जाऊ शकतात. अशी पाळी संपवून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याची श्रवणशक्ती तात्पुरती खाली गेलेली असते आणि कानातला आवाज वाढलेला असतो. पूर्ववत व्हायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागू शकतात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळी असते! म्हणजे तुमचे कान सलग पाच दिवस आरामात राहिले, असं कदाचित कित्येक महिन्यांनी घडलं असेल. तिसऱ्या दिवशी आवाज उतरला यात या आरामाचा वाटा किती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण गोळी न घेता पाच दिवसांची रजा काढून ते तपासता येईल. एवढा साधा प्रयोग क्वचितच कोणी करतं.

आता दडे. मला स्वतःला इथे सगळ्यात जास्त तथ्य वाटतं. नाकाच्या मागच्या भागापासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा सारखी होते. ॲलर्जीची सर्दी असलेल्या माणसाच्या नाकाचं अस्तर सुजलेलं असतं आणि त्या नळीच्या तोंडाशीही तीच सूज असते. नळी नीट उघडली नाही की पडदा आत ओढला जातो आणि बाहेरचे आवाज थोडे मंद होतात. पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही हे सगळं जरासं मागे सरलं की कानातला स्वतःचा आवाज उघडा पडतो. स्टेरॉइडने नाकाची आणि नळीची सूज उतरते, बाहेरचं जग पुन्हा नीट ऐकू येतं आणि आतला आवाज त्याखाली झाकला जातो. पेशंटला वाटतं आवाज थांबला. खरं तर तो होता तिथेच असतो, फक्त ऐकू येण्याच्या पातळीखाली जातो. गोळी थांबली की ॲलर्जी परत येते, सूज चढते आणि तो पुन्हा वर येतो. तुमची घरघर, नाक आणि दडे एकत्र ठेवले तर ही शक्यता मी पहिली तपासेन.

त्यासाठी टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी असते. कानात रबराचा छोटा बोंडा बसवतात, हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो याचा आलेख निघतो. मिनिटभराचं काम, दुखत नाही. पडदा मोकळा असेल तर आलेखाचा उंचवटा मधोमध येतो. नळी बंद राहत असेल तर तो डावीकडे सरकतो. पडद्यामागे पाणी असेल तर उंचवटाच राहत नाही, रेघ सपाट येते. फक्त एक करा: ही तपासणी दडे बसलेल्या दिवशी करा. बरं वाटतंय त्या दिवशी गेलात तर आलेख नॉर्मल येईल, ‘कानात काही नाही’ असा शेरा मिळेल आणि तुम्ही पुन्हा गोळीकडेच वळाल.

समजा तिथे काही निघालं नाही. मग आतल्या कानाकडे, शंखाकृती कॉक्लियाकडे जावं लागतं. तिथे आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा ते सोळा हजार. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ऑडिओग्रामवर हे नुकसान बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखं दिसतं. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं कळत नाही. कानाकडून त्या पट्टीतली माहिती येईनाशी झाली की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. रेडिओचं स्टेशन क्षीण झालं की आपण आवाज वाढवतो आणि खरखरच जास्त ऐकू येते, तसंच हे. जुन्या टिनिटसमध्ये, म्हणजे कानातल्या आवाजात, बहुतांश वेळा हेच चाललेलं असतं. तिथे उतरवायला सूज उरलेली नसते. गेलेल्या पेशी स्टेरॉइड परत आणू शकत नाही, मग डोस कितीही असो.

तरीही स्टेरॉइड आतल्या कानावर काहीच करत नाही असं नाही. आतल्या कानात स्टेरॉइडचे रिसेप्टर आहेत. दाह घडवणारी रसायनं ते दाबतं आणि तिथल्या द्रवातल्या सोडियम-पोटॅशियमच्या समतोलावरही त्याचा परिणाम होतो. म्हणूनच काही आजारांत ते खरंखुरं औषध आहे, आणि तिथे उशीर करणं चूक. पहिला म्हणजे अचानक आलेला बहिरेपणा. ७२ तासांच्या आत ऐकू येणं लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घसरलं, तर आम्ही ते नसेचं अचानक नुकसान धरतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड सुरू करण्याचा विचार करतो. जितकं लवकर, तितकं बरं. सहा आठवडे उलटून आलेल्या पेशंटला द्यायला हातात फारसं काही उरत नाही.

दुर्दैवाने लोक नेमके तेव्हाच घरी बसतात. एका कानाला अचानक दडा बसला, आवाज सुरू झाला, ‘मळ असेल’ म्हणून तेल घातलं, आठवडा गेला. त्यासाठी घरी करण्यासारखी एक चाचणी सांगतो. ओठ मिटून ‘म्‌म्‌म्‌’ असं गुणगुणा. आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू आला तर अडथळा बहुधा मळाचा, पाण्याचा किंवा नळीचा आहे. चांगल्या कानाकडे सरकला तर नस बिघडल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. ही चाचणी ऑडिओग्रामची जागा घेत नाही, पण एवढ्याने काही लोक वेळेत पोहोचतात.

दुसरा आजार दुर्मीळ, पण तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतल्या कानावर उलटते. १९७९ साली ब्रायन मॅककेब या अमेरिकन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. यात दोन्ही कानांचं ऐकणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घसरतं, वरखाली होतं आणि स्टेरॉइड दिलं की सुधारतं. कळव्याच्या एक शिक्षिका अशा आल्या होत्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांचं बोलणं कळेना, मग पुढच्या बाकांवरचंही कळेना, आणि कानात सतत घोंगावणं. डोस सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा ऑडिओग्राम शेजारी शेजारी ठेवला तेव्हा रेघ वर आलेली स्पष्ट दिसत होती, शब्द ओळखण्याची टक्केवारीही वाढली होती. त्यांना पुढे संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं आणि स्टेरॉइड हळूहळू कमी करत दुसऱ्या औषधावर आणलं. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक हा की त्यांचं ऐकणं सुधारलं होतं, कागदावर. तुमचा फक्त आवाज कमी झाला. ऐकणं बदललं की नाही हे कोणी मोजलंच नाही. तुमचं ऐकणं महिन्यामहिन्याला वरखाली होत असेल, किंवा चक्कर आणि कान भरल्यासारखं वाटणं सोबत येत असेल, तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवून लवकर तपासून घ्या.

इथेच आणखी एक इशारा. श्रवणाच्या नसेवरची गाठ, व्हेस्टिब्युलर श्वानोमा, कॅन्सरची नसते, पण एका कानातला आवाज हे तिचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. अशा गाठीमुळे आलेला बहिरेपणासुद्धा काही वेळा स्टेरॉइडने तात्पुरता सुधारतो. म्हणून ‘गोळीने बरं वाटलं, म्हणजे साधी सूजच होती’ असा निष्कर्ष काढता येत नाही. उजवीकडे आवाज जास्त आहे असं तुम्ही लिहिलंय. ऑडिओग्राममध्येही उजवा कान डाव्यापेक्षा स्पष्टपणे खाली निघाला, तर एमआरआय टाळू नका. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज असेल तर ते प्रकरणच वेगळं, त्याची तपासणी वेगळी.

तुम्ही मेंदूतल्या दाहाबद्दल वाचलेलं विचारलंय. उंदरांवरचं एक चांगलं काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. मोठ्या आवाजाने ऐकणं कमी झालेल्या उंदरांच्या श्रवणकेंद्रात दाह सापडला, आणि टीएनएफ-अल्फा हे दाहाचं रसायन रोखल्यावर टिनिटसची चिन्हं दिसली नाहीत. संशोधनाची ही दिशा मला आश्वासक वाटते. पण त्यावरून माणसाने प्रेडनिसोलोन सुरू करावं असं निघत नाही. ते औषध वेगळं आणि रोगी वेगळा. टिनिटस तात्पुरता बंद पाडता येतो हे तसं जुनंच आहे. १९३५ मध्ये कानतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांनी जागा बधिर करायचं औषध शिरेतून दिल्यावर आवाज थोडा वेळ थांबल्याची नोंद केली होती. पुढे लिडोकेन या तशाच औषधानेही तेच दिसलं. परिणाम थोड्या वेळाचा आणि हृदयाला धोका, म्हणून ते उपचार म्हणून टिकलं नाही. कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याचंही तसंच. अचानक बहिरेपणात त्याला जागा आहे. नुसत्या जुन्या टिनिटससाठी सलाइनच्या इंजेक्शनशी तुलना झाली तेव्हा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि २०१४ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ते नेहमीसाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलंय. कोणी तुम्हाला अशा इंजेक्शनांचं पॅकेज देऊ केलं तर आधी विचारा: माझं ऐकणं अलीकडे घसरलंय का, की फक्त आवाज आहे?

एक गोष्ट अजून राहिली. ४० मिलिग्रॅमवर पुष्कळ लोकांना पहिल्या दोन-तीन दिवसांत तरतरी येते, अंगदुखी जाते, मूड चांगला राहतो. टिनिटसचा त्रास आवाजाच्या मोठेपणावर जितका, तितकाच आपलं लक्ष त्याच्याकडे किती जातं यावर असतो. तोही वाटा असेल. उलट काहींची झोप स्टेरॉइडने उडते आणि आवाज वाढतो.

आता ५ मिलिग्रॅम रोज घेण्याबद्दल. आपल्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतात, ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. तुम्ही बाहेरून तेवढं घेत राहिलात की ग्रंथी आपलं काम कमी करतात. म्हणजे ४० मिलिग्रॅमने मिळालेला दिलासा ५ मध्ये मिळेल ही अपेक्षा मुळातच फोल. मग माणूस १० वर जातो, २० वर जातो. काही आठवड्यांनी ग्रंथी सुस्तावलेल्या असतात आणि गोळी एकदम बंद केली तर बीपी पडणं, उलट्या, गळून जाणं, इथपर्यंत मजल जाते. हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, काचबिंदू, खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा बिघडणं ही पुढची यादी तुमच्या फॅमिली डॉक्टरांनाही पाठ असेल.

साखरेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण इथे फसगत होते. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर वाढवतं ती मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची साखर नॉर्मल येते आणि पेशंट निर्धास्त राहतो. मोजायचीच तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजा. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविडची दुसरी लाट चालू असताना आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी म्युकरमायकोसिसचे पेशंट पाहिले. त्यातले बरेचसे डायबेटिसचे होते, आणि अनेकांना स्टेरॉइड गरजेपेक्षा जास्त किंवा लवकर दिलेलं होतं. आधी साखर नव्हती असं सांगणारेही त्यात होते. टाळू काळी पडलेली, एका बाजूचा डोळा मिटलेला, आणि सायनससोबत जबड्याचं हाड काढावं लागलेलं. ते महिने ज्याने पाहिले, तो बॉर्डरवरच्या साखरेच्या माणसाला कानातल्या आवाजासाठी रोज स्टेरॉइड लिहून देणार नाही. मेडिकलवाला ओळखीचा आहे आणि जुन्या चिठ्ठीवर देतो, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून ते करू नका.

मग करायचं काय? नाकाची ॲलर्जी निघाली तर तिच्यावर रोज घेण्यासारखं स्टेरॉइड आहे, ते नाकातल्या फवाऱ्याचं. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि रक्तात अगदी थोडा जातो, त्यामुळे गोळीचे धोके त्याला लावायचे नसतात. पण बहुतेकजण तो चुकीचा मारतात. मान थोडी पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारलात तर रक्त येईल आणि औषधही वाया जाईल. जोरात हुंगू नका, घशात उतरतं. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. आणि नाक चटकन मोकळं करणारे ते थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नका, त्यांनीच नाक पुन्हा सुजतं.

जबडाही बघा. दात घट्ट आवळा, मग खालचा जबडा पुढे काढा, मग मान दोन्हीकडे वळवा. यातल्या एखाद्या हालचालीने आवाजाची पट्टी किंवा मोठेपणा बदलला तर जबड्याच्या सांध्याचा किंवा मानेचा वाटा असू शकतो, आणि सांध्याची सूजही स्टेरॉइडने उतरते. तिथे दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट जास्त कामाचे.

कारखान्यात इअरप्लग नियमाने. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी. घरी शांततेत मात्र प्लग घालू नका, आवाज उलट जास्त जाणवतो. रात्री पंख्याचा किंवा पावसाचा हलका आवाज चालू ठेवा. माझे पुष्कळ पेशंट सांगतात की जुलै-ऑगस्टमध्ये झोप बरी लागते, आणि ते पटण्यासारखं आहे.

ऑडिओग्राममध्ये ऐकणं कमी निघालं तर श्रवणयंत्राची चाचणी घ्या. वय ४७ आहे म्हणून नाही म्हणू नका. बाहेरचे आवाज परत मिळाले की बऱ्याच जणांचा टिनिटस मागे जातो, तुमच्या जानेवारीतल्या आठवड्यासारखा. आवाजाची चीड आणि झोपेची धास्ती यांवर सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धतशीर थेरपी, याला टिनिटसमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्याने आवाज जात नाही, त्रास जातो. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

सुरुवात ऑडिओमेट्री आणि टिम्पॅनोमेट्रीने करा. ठाण्यात, वाशीत दोन्ही सहज होतात. खर्चाची अडचण असेल तर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणतपासणीची सोय आहे. जाण्याआधी निदान एक दिवस मोठ्या आवाजापासून लांब राहा, म्हणजे सोमवारी सकाळी जा, पाळी संपवून थेट नको. आणि पुढे कधी घरघर वाढून डॉक्टरांना पुन्हा स्टेरॉइड द्यावंच लागलं, तर नाकारू नका, दम्यासाठी ते गरजेचं असतं. गोळी सुरू करायच्या दिवशी आणि चौथ्या-पाचव्या दिवशी असे दोन ऑडिओग्राम आणि दोन टिम्पॅनोग्राम तेवढे काढून ठेवा, आणि त्या दिवसांत कामावर होतात की घरी, हे कागदावर तारखेशेजारी लिहा.